सतराचा पाढा, हळू आवाजात

करुणा साडेसातला येते, नाइट संपवून.
मोजे दाराशीच काढते,
पोरांच्या डोक्यावरून हात फिरवते, झोपायला जाते.
बेडरूमची कडी लागते
तीच आमच्या शाळेची घंटा.

फ्रिजवर वेळापत्रक आहे, रूथनं रंगवलेलं:
गणित निळं, मराठी केशरी, विज्ञान हिरवं.
वर बकाल्याच्या फोन नंबरचं मॅग्नेट.
हे तिसरं. पहिल्यात मी
आठ ते साडेआठ ‘चिंतन’ असं लिहिलं होतं.
त्या वेळात जयवंत दूध सांडतो
आणि मी फरशी पुसतो.

भिंतीपलीकडे बारा तासांची ड्यूटी झोपलेली असते,
म्हणून आमच्याकडे सगळं कुजबुजत चालतं.
व्याकरण कुजबुजत. भांडण कुजबुजत.
रूथ चिडली की दात आवळून म्हणते,
‘बाबा, हा माझं रबर घेतो’,
आणि त्यात किंचाळण्याचं सगळं बळ असतं,
फक्त आवाज नसतो.

कुकरला बंदी. तूरडाळ उघड्या पातेल्यात शिजते,
तेवढ्यात इतिहासाचा एक धडा बसवायचा.
फेस काढायला उठलो की सन विसरतो.
परत येतो तोवर तह होऊन गेलेला असतो,
पोरंच सांगतात कुणाशी.

ऑगस्टात फहाहीलला थंडचा नळ पोळतो.
टाकी गच्चीवर, उन्हात.
गिझर बंद ठेवायचा,
त्यातलं घरातलं पाणी तेवढं गार.
म्हणजे गरमचा नळ थंड, थंडचा गरम.
जयवंत विचारतो, असं का?
हातात घासणी तशीच धरून मी सांगत बसतो
आणि भांडी संपेपर्यंत
हिरवा चौकोन भरलेला असतो.
असे दिवस फार येत नाहीत.

साडेनऊला नगरहून अण्णांचा फोन. तिकडे बारा.
‘जेवलात का?’
आमच्या नाश्त्याच्या ताटल्या अजून टेबलावर.
तिकडची दुपार अडीच तास पुढे असते,
मी अडीच तास मागे असतो,
नगरला होतो तेव्हाही असायचो.
‘शाळेत कधी घालणार?’ हे ते आता विचारत नाहीत.
फी आणि भाडं दोन्ही त्यांना एकदा सांगितलं होतं,
मास्तर माणूस, बेरीज त्यांनीच केली.

दुपारी मंगफच्या एका गॅरेजचे हिशेब.
एका डोळ्यानं जमाखर्च, एका डोळ्यानं भागाकार.
परवा क्लच प्लेटच्या रकान्यात
मी ‘उत्तम, अक्षर सुधार’ असं लिहून पाठवलं.
मालकानं काही विचारलं नाही.

मंगळवारी जयवंत सतराच्या पाढ्यात अडकला.
सतरा साती एकशे एकोणीस,
सतरा आठी…
मी गप्प. रूथला येत होतं, तिला डोळ्यांनी दटावलं.
सतरा आठी…
एसीची घरघर. पातेल्यात डाळ.
आणि बंद दारापलीकडून, झोपेनं जड झालेला आवाज:
‘एकशे छत्तीस. पुढे चल.’

म्हणजे ती ऐकत होती.
किती दिवसांपासून, मी विचारलं नाही.
तिनंही सांगितलं नाही. दोनला उठली,
डबा भरून घेतला, वेळापत्रकासमोर जरा उभी राहिली,
मॅग्नेट सरळ केलं.

शुक्रवारी तिला सुट्टी.
मी म्हटलं, आज मोठ्यानं म्हणा रे,
आई जागी आहे.
दोघं उभे राहिले, हात मागे बांधून,
आणि कुजबुजले.
‘मोठ्यानं,’ मी म्हटलं.
ते जरा जवळ आले आणि पुन्हा कुजबुजले.
करुणा खुर्चीतून पुढे वाकली, कान त्यांच्या तोंडाशी नेला,
सतरा एके सतरापासून
सगळा पाढा तसाच ऐकून घेतला.

डाळ मी त्या दिवशी कुकरला लावली होती.
शिट्टी झाली,
आणि आम्ही चौघंही दचकलो.