शेरा

मंगळवार, गुरुवार, शनिवार.
विद्याविहारला, मिठाईच्या दुकानावरचा पहिला मजला.
चार तास दादाचं रक्त
यंत्रातून फिरून येतं
आणि मी बाहेरच्या बाकावर.

पहिले दोन महिने लाद्या मोजल्या.
मग फोनवर लोकांची लग्नं बघितली,
ओळख नसलेल्यांचीसुद्धा.
एकदा बिलाच्या मागे बॉलपेननं
नुसत्या रेघा मारत बसले,
आतून नाव पुकारलं तेव्हा कळलं
जबडा सैल झालाय.
किती दिवस दात आवळून होते कोण जाणे.

वही दादाचीच, पाणी खात्यातली.
एकतीस वर्षं तो मीटर वाचत हिंडला,
भांडुप, कांजूर, टेंभीपाडा.
रकाने छापलेले:
मागील वाचन, चालू वाचन, वापर, शेरा.
आकडे पुसट झालेत, शेरे अजून स्वच्छ.
कुलूप. दोनदा आलो.
काच धूसर.
कुत्रे.
मीटर फिरतो, घरात कोणी नाही.

रंग निहारच्या सहावीतले.
लाल-निळा त्यानं केव्हाच संपवला,
उरले पांढरा, तपकिरी
आणि कुणालाच नको असलेला तो पोपटी.
चित्र मला येत नाही.
शाळेत माझा हत्ती बाईंनी उंदीर म्हणून तपासला होता.
म्हणून मी चित्र काढत नाही,
तपकिरी पसरते.
त्यावर गोळ्यांच्या पाकिटाची चांदी चिकटवते,
चिकटपट्टीचा तुकडा,
खालच्या दुकानातल्या पेढ्याचा केशरी कागद.
पेढा मीच खाल्ला. त्याला वर्ज्य.
चालू वाचनाच्या रकान्यात कधी लिहिते:
आज राग. विमावाल्यांवर की दादावर, नक्की नाही.
लिहिलं की वरून पोपटी फिरवते.
वाचता येत नाही मग,
पण असतं तिथेच.

पाण्याचं मात्र अवघड.
त्याला दिवसाला सातशे मिली,
चहा, आमटी, गोळीबरोबरचा घोट धरून.
मी बाटलीच्या टोपणात पाणी घेते
आणि दाराकडे पाठ करून ब्रश बुडवते,
चोरी केल्यासारखी.

गुरुवारी तो बाहेर आला ते मला कळलंच नाही.
दंडाला पट्टी, ओठ पांढरे,
उभ्या उभ्या बघत होता
ब्रश पाणी पितो ते.
खिडकीबाहेर तानसाची जाड पाइपलाइन,
तिच्यावर दोन पोरं पाय सोडून बसलेली.
वाटलं, आता ओरडेल,
सरकारी वही म्हणून.
"वापर लिहिला नाहीस," तो म्हणाला.
"कसला?"
"पाण्याचा. एक टोपण. लिही."

मग बाकावर टेकला, पेन घेतलं,
चष्मा कपाळावर सारून वही हातभर लांब धरली,
तपकिरी, चांदी, पोपटी, सगळं तपासलं
जसा कुणाच्या जिन्याखाली वाकून तपासायचा.
आणि शेवटच्या रकान्यात, त्याच तिरक्या अक्षरात:
काच धूसर. वाचता आले नाही.
पुन्हा येणे.

शनिवारी मी पांढरा उघडला.
तपकिरीवर तो इतका दिसतो,
माहीत नव्हतं.
वापर: दीड टोपण.