तिरकं चालत

माजलगाव धरणाचं मागचं पाणी,
जानेवारी, सव्वासात.
मुनीरभाईंनी तीस वर्षं लग्नाचे फोटो काढले.
"नवरदेवाला म्हणता येतं, इकडं बघा.
ह्याला नाही."

ह्याला म्हणजे शेकाट्याला.
लाल काड्यांचे पाय,
पाण्यात त्यांचीच उलटी जोडी घेऊन उभा.

"सरळ जाऊ नको, वसुलीला आल्यावाणी.
म्हैस चरत सरकती ना, तसं तिरकं.
सूर्य पाठीवर घे.
आता पालथा हो."
चिखलात?
"मग काय गादी टाकू?
त्याच्या डोळ्याला डोळा भिडला पाहिजे."

झालो. कोपरं गार, स्वेटरातून पाणी.
शटर दोन हजारावर, श्वास अर्धा.
पहिल्या साठ फोटोंत
शेपूट, शेपूट, नुसती लाट,
एकदा मुनीरभाईंचा बूट.

मग तोच आला.
टोचत, थांबत, टोचत,
इतका जवळ की लेन्स नुसती घरघरली,
फोकस धरेना.
मी कॅमेऱ्यावरून मान उचलली.
तांबडा डोळा,
त्यात बारीक काहीतरी
पालथं पडलेलं.

"मिळाला का?"
मी बराच वेळ
लेन्सचं झाकण शोधत बसलो.