सुट्टे

गाडी गॅरेजात, म्हणून नाइलाजाने
वारजे माळवाडीच्या थांब्यावर उभा.
शेजारी आमच्या पोळ्यांच्या बागलबाई:
"येते हो. आजकाल वेळेवर येते."
'आजकाल'वर जरा जोर.

आली.

नळस्टॉपला, जिथे मी रोज
पहिल्या गिअरमध्ये म्हातारा होतो,
खिडकीतून खाली पाहिलं:
एकेका गाडीत एकेक माणूस,
काचा बंद, ओठ हलतायत.
माझी जागा तेवढी
कुणीतरी लगेच भरून काढलेली.

गर्दीतून वाट काढत कंडक्टर आला. सुट्टे द्या.
खिसे चाचपले, तर निघाली
पेट्रोलची परवाची पावती.

बागलबाईंनी माझंही तिकीट काढलं.
"उद्या द्या. घरी नको, इथंच."

डेक्कनला फोन आला: साहेब, गाडी तयार आहे.
राहू दे, म्हटलं.
उद्या वीस रुपये द्यायचेत एकांचे.