खरवड

ग्दिन्यात तांदूळ मिळतो तो अख्खा.
आईनं तो उशीच्या अभ्र्यात भरला, तोंड बांधलं,
आणि ओट्यावर ठेवून लाटण्यानं बडवत राहिली,
खालचे प्शिबिल्स्की झाडूच्या दांड्यानं
छत ठोकू लागेपर्यंत.
कणी हवी, किंगा फोनवर म्हणाली होती.
कणीच हवी, आई.
डाकारला या पदार्थात अख्खा दाणा घातला
तर सासू मला परत पाठवेल.

मासा मी आणला, बंदरावरून. कॉड.
तिथला तो मासा, ज्याचं नाव आईच्या जिभेवर बसत नाही,
कशाला येईल आमच्या गार पाण्यात?
कसावा नाही, म्हणून सलगम. भेंडी बरणीतली.
चिंच तेवढी सापडली, व्हिएतनामी बाईच्या दुकानात,
चौकोनी वडी, काळी, सायकलच्या साखळीवरच्या वंगणासारखी.
आईनं बोट लावून चाटलं,
एक डोळा गच्च मिटला,
आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

लसूण, पार्सली, मिरची वाटायची,
माशाला चिरा पाडून आत दाबायची.
"किती?"
पलीकडे मारेम काहीतरी बोलली, किंगाची सासू.
मागे कोंबडा, मागे मोटारसायकल.
"ती म्हणते, मासा पुरे म्हणेपर्यंत."

आई पस्तीस वर्षं औषधांच्या दुकानात होती.
ग्रॅमच्या खालीही तिला माप लागतं.
तिनं चष्मा पुसला, वहीत लिहिलं:
पुरे म्हणेपर्यंत.

बाबा टेबलाच्या टोकाला, वर्तमानपत्रामागे.
त्यांचे बटाटे वेगळे उकडत होते.
लग्नाला ते गेले नव्हते. कारण दिलं होतं, गुडघा.
त्या गुडघ्याला आता तीन वर्षं झाली.

टोमॅटोच्या लाल रश्शात कणी पडली,
झाकणाला फडकं गुंडाळलं,
आंच बारीक.
मग आम्ही वाट पाहिली,
आणि वाटेत कुठेतरी वास बदलला.
आईनं झाकण उचललं, डाव तळाला घातला,
तो अडकला.
"गेलं," ती म्हणाली. "सगळं गेलं."
फोन लावताना तिचा हात थरथरत होता,
चोपन्न झ्लॉटींचा मासा, अख्खी सकाळ.

मारेम हसली.
इतकी हसली की किंगाला मधलं काही सांगताच येईना.
"ती म्हणते, आत्ता झाला. खरवडून काढ,
वर ठेव, ज्याला द्यायचं त्याला दे.
भात सगळ्यांचा असतो, म्हणते, हे मागून घ्यायचं असतं."

आमच्याकडे याला करपलं म्हणतात
आणि पातेलं भिजत घालतात.

जमिनीवर चादर घातली, मधे ते एनॅमलचं टोपलं,
कडेला निळी रेघ, एका जागी टवका उडालेला,
किंगाला लहानपणी आंघोळ घालायचे त्यातच.
दुसरं एवढं मोठं काही घरात नव्हतं.
आई आणि मी एकाच भांड्यातून जेवलो,
आपापल्या बाजूनं, हातानं,
दोघंही जरा लाजत.
तिनं माशाचा काटा काढून माझ्याकडे सरकवला.
बाबांनी टेबलावर बटाटे खाल्ले, बडीशेप घालून.
खरवड थोडी पातेल्यातच राहिली, निघेना.

रात्री आवाज आला.
खर्र. मग थांबला.
खर्र, खर्र.
स्वयंपाकघरात दिवा नव्हता.
आई तिच्या खोलीत खोकली नाही,
ती झोपेत नेहमी खोकते.

सकाळी पातेलं ओट्यावर पालथं, लख्ख.
वर्तमानपत्रामागून:
"लिंबू कमी होतं."
आईनं वही उघडली, लिहिलं, लिंबू जास्त.
कुणी सांगितलं ते लिहिलं नाही.

अभ्रा किंगाच्या जुन्या उशीचा होता.
धुऊन, वाळवून, परत चढवला.
आठवड्यानं मी त्या उशीवर आडवा झालो
तर कानाखाली काहीतरी टोचलं,
शिवणीत अडकलेल्या दोन कण्या.
काढल्या नाहीत. कूस बदलली.