पुरे

एरिमोच्या वाऱ्यात माणूस तिरकाच चालतो.
फुसाए-सान दवाखान्यातही तिरकीच शिरली,
ऑगस्ट असून गळ्याभोवती टॉवेल.
वय एकसष्ट. त्यातली पन्नास वर्षं
समुद्रातून ओढलेला कोंबू
गोट्यांवर वाळत घालण्यात गेली.
पहाटे पसरायचा, दुपारी उलटायचा,
तुटका तुकडा तोंडात टाकायचा.
रस्सा त्याचाच. लोणचंही त्याचंच.

"थकते हो. आणि आवाज बघा,
नवऱ्याच्या बोटीचं इंजिन झालंय."
टॉवेल सुटला. खाली सूज,
बोटांना रबरासारखी लागणारी.

डॉक्टर कुसाकाबे चित्रं काढून दाखवत नाहीत.
त्यांनी विचारलं, शेड भरलेली असताना
आणखी होडीभर माल आला तर?

"तर काय! आधी हातातली सुरी खाली ठेवते.
मग पोरांवर ओरडते, दार ओढा रे,
आता आत आणू नका.
जरा मोकळं झालं की पुन्हा कापायला बसते."

"गळ्यातली ग्रंथीही तेच करते."

मी ट्रे धरून उभी.
नर्सिंगच्या वर्गात शिकले होते ते एवढंच:
मेंदूखालून हुकूम सुटतो, थायरॉइड राबते.
राबणारीलाही स्वतःचं माप असतं
हे कुणी बोललं नव्हतं.
आयोडीनचा दुष्काळ पडला तर कणनकण वेचते,
पूर आला तर
वर न विचारता हात आखडते,
थोडे दिवस थबकते,
आत येणारी दारं कमी करते
आणि ओसरलं की निमूट कामाला लागते.

"मग माझीचं काय बिनसलं?"

"सुरी खाली ठेवली तिनं.
दार ओढायचं राहून गेलं."

समुद्र येतोच आहे. हात थांबलेलेच.
वरून हाका वाढतायत,
आणि हाकांनीच तर फुगलीय ती.

गोळी नाही दिली. सहा आठवडे कोंबू बंद.
फुसाए-सान बराच वेळ खिडकीकडे बघत होती.
"मग रस्सा कशाचा करू?"
वाळलेल्या अळिंब्यांचा, डॉक्टर म्हणाले.
"तो काय रस्सा असतो?"

ऑक्टोबरात परत आली, तिरकीच.
टॉवेल नव्हता. आवाज जरा वर चढलेला.
खाऊन संपत नाही म्हणून
कोंबूची जुडी आणली होती आमच्यासाठी,
नको म्हणायची सोयच ठेवली नाही.

डॉक्टरांनी कपाट उघडलं.
आत इतर पेशंटांच्या अकरा जुड्या.
बारावी कशीबशी कोंबली,
आणि गुडघ्यानं रेटून
दार लावलं.