साबणाचं पाणी

डुलुथ. तळघर. जानेवारी.
सिलिंडर तिसऱ्यांदा रिकामा,
काटा शून्यावर आडवा.
आणि पिऊन झाले किती? मोजून दोन मग.

व्हर्नर हाल्वर्सन फ्रिजसमोर बसतो,
गुडघे कुरकुरतात, ते त्याला जाणवतं फक्त.
बारीक आवाज सगळे
कागदगिरणीत ठेवून आलाय तो, चाळीस वर्षांत.

शेजारची ब्रिटा, वय नऊ, नळीला कान लावते.
"साप आहे," म्हणते. "इथे नाही. वर."

मग साबणाचं पाणी, जुन्या दाढीच्या ब्रशने:
नळीच्या मानेला, पिंपाच्या टोपीला.
काही नाही.
काही नाही.
रेग्युलेटरच्या नटाखाली एक बुडबुडा,
मोहरीएवढा,
वाटाण्याएवढा, थांबायचं नावच नाही.

जुनाच वॉशर पुन्हा बसवला होता त्याने.
दहा सेंट वाचवले होते.

पाना फिरवताना तो गप्प.
मार्लिस गेली तीही अशीच,
भांडण नाही, दार आपटणं नाही.
दोनदा विचारलं होतं तिने,
ऐकू येतंय का तुला?
त्याला वाटलं, टीव्हीचं म्हणतेय.

नवा वॉशर. पुन्हा साबण.
ब्रिटा कान लावते, बराच वेळ.
"आता?"
ती ओठांवर बोट ठेवते.