केसाइतकी वाट

धरणगावात जिनिंगच्या पाठीमागे आमचं दुकान.
हंगामात इथे हवेतच कापूस असतो:
चहावर, पापण्यांवर, देवाच्या फोटोवर.
अशा जागी बोअरचा कॅमेरा सांभाळायचा
म्हणजे पिठाच्या गिरणीत काळं लुगडं वाळत घालणं.

म्हणून मी पहाटे चारला उठते,
मशीन सुरू व्हायच्या आत.
दार बंद. पंखा बंद.
ओट्यावर पाणी शिंपडते, उडतं ते बसावं.
मग स्टीलच्या ताटात तीन काळी वलयं काढते,
एक बांगडीएवढं, दोन जोडव्यांएवढी.

सुई लावायची नाही. नखसुद्धा नाही.
दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबत आणायचं,
मधे फुगवटा आला की अलगद उचलायचं,
झोपलेल्या पोराच्या मुठीतून खडा काढावा तसं.

अण्णांची नजर वेल्डिंगने खाल्ली.
सुपडू मिस्त्री. मागची तीन भावंडं जगली नाहीत
म्हणून सुपात घालून ओढलेला, त्यावरून हे नाव.
आता ते खाटेवर बसून वलय बोटांतून फिरवतात
माळेसारखं, पण नाव कुणाचं घेत नाहीत.
एका जागी थांबतात.
"आठे."
मी भिंग लावते. काही नाही.
पुन्हा लावते. असतो. वाळूचा कण,
मोहरीच्या टरफलाचा शंभरावा भाग.

ग्रीस मुगाच्या डाळीएवढं, तीन वलयांना मिळून.
जास्त लावलं की धूळ पाहुणी येते
आणि मुक्काम करते.
पाणी ग्रीस अडवत नाही, अडवतं रबर;
ग्रीस त्याला फक्त नीट बसू देतं.

एकदा माझा केस राहिला होता खाचेत.
एरंडोल रस्त्यावरचा बोअर, दोनशे दहा फूट,
पडद्यावर आधी धुकं आलं,
मग हिरवट रेघा, मग काहीच नाही.
अठ्ठावीस हजारांचा डोळा.
अण्णा घरी येईपर्यंत बोलले नाहीत.
जेवताना म्हणाले, "पानीले केसभर वाट पुरस, पोरी."
आणि भाकरीचा पापुद्रा माझ्या ताटात टाकला.
तेव्हापासून वेणी फडक्यात बांधते.

लोकांना वाटतं भीती खोलीची.
उलट आहे.
चारशे फुटांवर पाणीच झाकण दाबून धरतं,
वलय खाचेत आणखी घट्ट जातं.
गळतं ते वरच्या हातभर पाण्यात,
जिथं दाब नसतो आणि आपण चहा मागवलेला असतो.
म्हणून आधी बादली.
आत कॅमेरा नाही, नुसता टिश्यूचा तुकडा.
अर्धा तास बुडवून, दगड ठेवून, बुडबुडे मोजत.

आज पष्टाण्याच्या शाळेचा बोअर.
केबल सुटत गेली. अण्णा रिळाशेजारी, हात केबलवर.
"काय दखास?"
केसिंग संपलं, अण्णा. आता काळा खडक.
"मंग?"
लाल पट्टा. गेरूसारखा.
"मंग?"
एक्याऐंशी फुटांवर पाणी लागलं. स्वच्छ आहे.
एकशे चाळीसला भेग, आतून झिरपतंय.
"कितलं?"
करंगळीएवढं.
ते करंगळी वर करून बघतात,
म्हणजे बघितल्यासारखं करतात.
आणि खाली, अण्णा, एक निळी पट्टी.
"कसानी पट्टी?"
पंधरा सेंटिमीटरची. उभी अडकलीय. आकडे वाचता येतायत.
हेडमास्तर म्हणाले, ही सहावीची.
कुणीतरी हसलं. अण्णाही.

रात्री झाकणाची कडी सैल करून ठेवते,
दाबून ठेवलं तर रबर चपटं होतं.
वलयं पिशवीत, पिशवी डब्यात, डबा फळीवर
जिथं उंदीर चढत नाहीत.
मघाचा टिश्यू अण्णांच्या हातात देते.
ते तो गालाला लावतात, मग ओठाला,
बराच वेळ.
बाहेर पुन्हा मशीन सुरू झालेली.
"सुकेल शे," म्हणतात.
आणि तो घडी करून खिशात ठेवतात, उद्यासाठी,
जरी मी किती वेळा सांगितलं,
उद्या नवीन घ्यायचा असतो.